रानातलं रे रोड

भिवा घाडींनी आयुष्यभर झाडं पाहिली, पण सगळी आडवी. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत ते अडतीस वर्षं मापारी होते. बंदरातून ट्रक भरभरून ओंडके यायचे, करवतीखाली जायचे आणि वासे-फळ्या होऊन बाहेर पडायचे. मग कानावर निळा तेलखडू अडकवून भिवा घाडी त्यांच्यामधून फिरायचे आणि एकेका नगावर माप नि लॉटचा आकडा टाकायचे. डोळ्यांवर फडकं बांधून फळी नाकाखाली धरली तरी ते लाकडाची जात सांगत, देश सांगत, कापून किती महिने झाले तेही सांगत. शेठ नव्या गिऱ्हाइकांसमोर त्यांचा हा खेळ मुद्दाम करून दाखवायचा. पण त्याच लाकडाचं पान कसं असतं, फूल कुठल्या महिन्यात येतं, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी कॉटन ग्रीनच्या आपल्या चाळीच्या गॅलरीतल्या तुळशीकडे पाहिलं असतं. तेवढीच एक वनस्पती त्यांच्या नीट ओळखीची होती.

अशा माणसाला सहासष्टाव्या वर्षी एकदम 'इको-फ्रेंडली' प्रवासाला जावं लागलं, ते विहीणबाईंमुळे.

भिवांची एकुलती एक मुलगी अपेक्षा गिरगावात विजयकरांकडे दिली होती. दिली होती म्हणजे तिने आणि ध्रुवने आपलं आपण जमवलं होतं, भिवांनी फक्त अक्षता टाकल्या. विजयकर पिढ्यान्‌पिढ्यांचे मुंबईकर. ध्रुवची आई राजलक्ष्मी शाळेतून निवृत्त झाली आणि पर्यावरणात शिरली, आणि ती कशात शिरली की अर्ध्यावर थांबणारी बाई नव्हती. आधी घरातले प्लास्टिकचे डबे गेले. मग साबण गेला, रिठे आले. मग ध्रुवचा टूथब्रश बांबूचा झाला. आता वर्षातून दोनदा राजलक्ष्मीबाई आपल्या गटाला डोंगरात आणि जंगलात नेत. विमान नाही, एसी नाही, बाटलीतलं पाणी नाही, आणि आपण येऊन गेल्याची एकही खूण मागे ठेवायची नाही.

या नोव्हेंबरात ध्रुव-अपेक्षालाही घेऊन आंबोली घाटातल्या 'मूळखोड' नावाच्या इको-निवासात जायचं ठरलं होतं. आणि ऐन वेळी ध्रुवला ऑफिसने बंगळूरला पाठवलं. राजलक्ष्मीबाईंनी थेट कॉटन ग्रीनला फोन लावला.

"घाडी, तुम्ही येताय."

"मी? विहीणबाई, मी तिथे येऊन काय करू?"

"काही करायचं नाही, तेच तर महत्त्वाचं. सावंतवाडीपासून बारा जणांची गाडी ठरवलीय. एक सीट रिकामी गेली तर धूर तेवढाच आणि माणसं अकरा. माणशी कार्बन वाढतो."

भिवांना कार्बन म्हणजे पावतीपुस्तकातला निळा कागद एवढंच ठाऊक होतं. पण आपण नुसतं बसून राहिल्याने जगाचं काही भलं होत असेल तर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा सासूबाईंनी केलेली यादी घेऊन बॅग भरायला आली. तिने बॅगेतून पाण्याची बाटली काढली, शाम्पूच्या पुड्या काढल्या, सुवासिक तेल काढलं, मिंटच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. नंतर कपड्यांवर आली.

"बाबा, पांढरे शर्ट नकोत. मातकट रंग हवा. पक्षी बिचकतात."

मातकट म्हणता येईल असं भिवांकडे एकच होतं. वखारीतले दोन खाकी शर्ट, खांद्यावर विटलेले. ते बॅगेत गेले.

"आणि एक," अपेक्षाने आवाज खाली घेतला. "तिथे वखारीचं काही बोलू नका हं."

"का? चोरी केलीय काय मी?"

"तसं नाही हो. पण ती सगळी झाडांना मिठ्या मारणारी माणसं आहेत. आणि तुम्ही..."

"तुझ्या सासूला माहीत नाय?"

"लग्नाच्या वेळी मी सांगितलं होतं, बाबा इम्पोर्टमध्ये होते म्हणून."

भिवांनी मनाशी उजळणी केली. मलेशिया, बर्मा, घाना, न्यूझीलंड. इम्पोर्ट तर होतंच. "खोटं नाय म्हणा," ते म्हणाले, आणि दोघंही हसली.

सावंतवाडीला उतरल्यावर राजलक्ष्मीबाईंनी गटाची हजेरी घेतली आणि भिवांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घाडी, शर्ट अगदी योग्य आणलात. हा विटका रंग विकत मिळत नाही हो. कुठून घेतलात?"

"ऑफिसचा आहे," भिवा म्हणाले. अपेक्षा गाडीच्या पलीकडे जाऊन खोकत राहिली.

मूळखोडला पोचेपर्यंत सकाळचे दहा वाजले. घाटाच्या एका सोंडेवर पाच झोपड्या, मध्ये शेणाने सारवलेलं अंगण, आणि त्यात उभा असलेला मालक, हितेंद्र. चाळिशीचा, दाढीवाला, अनवाणी. दादरला जाहिरातीच्या धंद्यात होता, तो सोडून इथे येऊन त्याला सहा वर्षं झाली होती. बोलायचा मात्र इतका हळू की बारा जणांना त्याच्याभोवती पिल्लांसारखं गोळा व्हावं लागलं. आधी त्याने सगळ्यांचे फोन वेताच्या टोपलीत जमा केले. राजलक्ष्मीबाईंनी आपला फोन सर्वांत पहिला टाकला. त्यांच्या पिशवीत दुसरा होता, पण तो अडीअडचणीसाठी, म्हणजे मोजण्यात धरायचा नाही असा.

मग हितेंद्रने एका झोपडीच्या खांबावर तळहात टेकवला.

"या घरांसाठी एकही झाड तोडलेलं नाही. वादळात याच जंगलात जी झाडं पडली, ती आम्ही हातांनी उचलली, हातांनी घडवली. हे घर जंगलाने स्वतः दिलेलं आहे. स्पर्श करा. ऐका."

सगळ्यांनी खांबांना, दारांना हात लावले. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. राजलक्ष्मीबाईंनी तर कान लावला. भिवांनीही समोरच्या चौकटीवरून बोटं फिरवली आणि सवयीने हात नाकाशी नेला.

तो वास त्यांना मुंबईतल्या कुठल्याही गल्लीत ओळखू आला असता. साग होता, पण आपल्याकडचा नव्हता. घानाहून कंटेनरमधून यायचा तो, लागवडीचा, घाईने वाढलेला, अंगाने जरा फिका.

"साग आहे का हो?" त्यांनी शक्य तितक्या निरागसपणे विचारलं.

हितेंद्रने डोळे मिटले. "आम्ही त्यांना बाजारातली नावं देत नाही काका. ते आमचे पूर्वज आहेत."

भिवांनी मान डोलावली. हा माणूस दादरचा आणि पूर्वज घानाचे, हे त्यांना जरा जड गेलं, पण अपेक्षा डोळे वटारून बघत होती. शिवाय आपलं नाक आता म्हातारं झालंय, असंही त्यांना वाटलं.

चहानंतर जंगलात फेरी होती. वाट दाखवायला खालच्या वाडीतली वैशाली आली. पंचविशीतली, बारीक अंगाची, पायात रबरी चपला. तिला प्रत्येक झाडाचं नाव ठाऊक होतं, कुठल्या फांदीवर कोण बसतं तेही ठाऊक होतं. बाकीचे वह्या काढून लिहून घेत होते. भिवा मागून चालत होते आणि आपल्याला यातलं काहीच कळत नाही म्हणून मनातल्या मनात शरमत होते. पानं सगळी हिरवी, खोडं सगळी शेवाळलेली. अडतीस वर्षं ज्यांच्यासोबत काढली त्यांच्या लग्नाला जावं आणि मांडवात एकही चेहरा ओळखू येऊ नये, तसं झालं होतं.

एका मोठ्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली होती. "हा ऐन," वैशाली म्हणाली. खाली एक मोडकी फांदी पडली होती. भिवांनी ती उचलली, तुटलेल्या टोकाला नाक लावलं आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तर सादड!"

सगळे वळून बघू लागले.

"आमच्याकडे... म्हणजे मुंबईत, ह्याला सादड म्हणतात," भिवा सारवासारव करत म्हणाले.

"गिरगावात कोणी म्हणत नाही," राजलक्ष्मीबाईंनी शंका काढली.

"इम्पोर्टमध्ये म्हणतात," अपेक्षा घाईने म्हणाली.

वैशाली मात्र हसली. गट पुढे गेल्यावर ती भिवांच्या बरोबरीने चालू लागली. भिवांनी संधी साधून विचारलं, "पोरी, हितं साग कुठे दिसतो?"

"साग? हय खंय साग, काका? एवढ्या पावसात तो उभो ऱ्हवात काय? खाली कुडाळकडे लावलेलो असा."

"मग त्या झोपड्या?"

वैशालीने पुढे चाललेल्या हितेंद्रच्या पाठीकडे एक नजर टाकली. "माका कोण विचारीत नाय, म्हणान मी सांगणय नाय," ती म्हणाली आणि बाकीच्यांना एक घरटं दाखवायला धावली.

म्हणजे नाक म्हातारं झालेलं नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर भिवा आपल्या झोपडीत आडवे झाले. शर्ट काढताना गळ्याचं बटण तुटून जमिनीवर पडलं आणि घरंगळत बाजेखाली गेलं. ते काढायला भिवा पोटावर झोपून आत शिरले. बाज भिंतीला लागून होती आणि भिंतीच्या तळाला एक जाड वासा आडवा घातलेला होता. बाहेरून पॉलिश, आतल्या अंगाला, जिथे कोणी बघणार नाही तिथे, कोरा. त्या कोऱ्या अंगावर निळ्या तेलखडूने लिहिलेलं होतं: घ, म्हणजे घाना, आणि पुढे ४७७.

सातांना खाली लांब शेपट्या होत्या. दुसऱ्या साताची शेपटी तर वळून पहिल्याच्या पायात गेली होती. "भिवाभाय, तुम्हारा सात है के बिल्ली बैठी है?" असं शेठ अडतीस वर्षं म्हणत आला होता, आणि अडतीस वर्षांत भिवांचा सात काही सुधारला नव्हता.

भिवा बाजेखाली तसेच पडून राहिले. इतक्या लांब, इतक्या झाडीत, आपलं अक्षर आपल्याला भेटावं याचं त्यांना आधी हसू आलं. मग जरा वेगळंच वाटलं. हजारो नगांवर त्यांनी आकडे टाकले होते आणि एकही नग पुढे कुठे गेला ते त्यांना कधी कळलं नव्हतं. हा इथे आला होता. बरा राहिला होता. वाळवी नव्हती, चीर नव्हती.

बटण घेऊन ते बाहेर आले आणि अपेक्षाला हाक मारली. तीही पोटावर झोपून बघून आली. केसांना जळमट लागलेलं तसंच ठेवून ती बाजेवर बसली.

"बाबा, नक्की तुमचंच?"

"सात बघितलास ना?"

"बघितला." तिने कपाळाला हात लावला. "आता गप्प राहायचं. आईंनी ह्या जागेसाठी सहा महिने शोध घेतलाय. त्यांचं मन मोडेल."

"मी कुठे बोलतोय?" भिवा म्हणाले. "पण त्या माणसाला एक गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. जंगलात पडलेलं झाडसुद्धा उचलता येत नाय. वनखात्याचा परवाना लागतो. तो खोटं बोलतोय ते बोलतोय, पण खोट्यातपण स्वतःला चोर ठरवतोय."

"तुम्ही नका सांगू," अपेक्षा म्हणाली.

तेवढ्यात टेकाडावर राजलक्ष्मीबाई दिसल्या. एका खडकावर चढून त्या दुसरा फोन आकाशाकडे धरून उभ्या होत्या. सकाळचं हितेंद्रचं भाषण त्यांनी पदराआडून टिपलं होतं आणि आता रेंज शोधत होत्या. रेंज सापडली, व्हिडिओ गेला, खाली मजकूर गेला: 'याच जंगलातल्या पडलेल्या झाडांचं घर. मी स्वतः हात लावून पाहिलं.' खाली उतरताना त्यांचा चेहरा एखादं पुण्यकर्म उरकल्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात नाचणीच्या भाकरीवर लोणी लावत बसले होते, तेव्हा फाटकाशी मोटरसायकल थांबली. खाकी कपड्यातला वनरक्षक आत आला. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, टोपी काढली आणि विचारलं, "मालक कोण?"

हितेंद्र पुढे झाला.

"ऑफिसात एक व्हिडिओ आलाय. तुम्ही त्यात म्हणताय, हे लाकूड ह्याच जंगलातलं आहे. परवानगी घेतली होती का? कागद बघायला पाठवलंय मला."

हितेंद्रचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच तो नेहमीच्या माणसासारख्या आवाजात बोलला. "कागद आहेत. म्हणजे, तसे आहेत. आपण आत ऑफिसात बसून बोलू या का?"

तो असं का म्हणतोय ते भिवांना तत्काळ कळलं. पावती त्याच्याकडे असणारच, शेठ पावतीशिवाय खुंटीसुद्धा देत नसे. पण ती बारा पाहुण्यांसमोर काढायची तर कालचं भाषण मागे घ्यावं लागलं असतं. इकडे आड नि तिकडे वनखातं, असा बिचारा मधोमध उभा होता.

आणि तेवढ्यात राजलक्ष्मीबाई त्याच्या मदतीला धावल्या.

"आत कशाला? इथेच बोला! यात लपवण्यासारखं काय आहे? साहेब, तो व्हिडिओ मी केलाय. हे लाकूड याच जंगलातलं आहे. शंभर टक्के. मी साक्ष देते."

"आई, जरा थांबा," अपेक्षा म्हणाली.

"का थांबू? इतक्या चांगल्या कामाला असा त्रास? लिहून घ्या साहेब: राजलक्ष्मी विजयकर, गिरगाव. सगळी झाडं याच रानातली. हितेंद्र, किती होती रे? वीस होती ना? तीस?"

वनरक्षकाने वही काढली. हितेंद्रने राजलक्ष्मीबाईंकडे अशा नजरेने पाहिलं की भिवांना त्याची दया आली. ही बाई त्याला प्रेमाने तुरुंगाच्या दारापर्यंत पोचवत होती. भिवांनी अपेक्षाकडे पाहिलं. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. ती मान नाही म्हणून हलली की हो म्हणून, ते विचारायला वेळ नव्हता.

भिवा भाकरी खाली ठेवून उठले. समोरचा माणूस तिथलाच होता, त्यामुळे आईबापांची मालवणी त्यांच्या तोंडात आपसूक आली.

"साहेब, ह्या लाकडाचो नि ह्या जंगलाचो काय एक संबंध नाय. ह्यां लाकूड मुंबयसून इलेला असा. रे रोडच्या वखारीतला."

"तुमका कसा म्हायत?"

"त्येच्यावर माझा अक्षर असा."

मग वनरक्षक म्हणाला, "दाखवा," आणि भिवा त्याला आपल्या झोपडीत घेऊन गेले. वनरक्षक टॉर्च लावून बाजेखाली शिरला. त्याच्या बुटांचे तळवे बराच वेळ बाहेर दिसत राहिले. भिवांनी त्याला वहीच्या मागच्या पानावर सात काढून दाखवला. तो पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला आणि म्हणाला, "तोच."

त्यानंतर सगळ्यांनाच बघायचं होतं. वहीवाले, डोळ्यांत पाणी आलेल्या बाई, एकेक जण पोटावर झोपून बाजेखाली जाऊन आला. दाराबाहेर रांग लागली. सर्वांत शेवटी राजलक्ष्मीबाई गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "सात आहे, हे कशावरून?" पण त्यात आता जोर नव्हता.

"पावती दाखवून टाका," भिवा हितेंद्रला हळूच म्हणाले. "तुमच्याकडे सगळं सरळ आहे. लागवडीचा साग, रीतसर आलेला, रीतसर घेतलेला. लाज वाटण्यासारखं त्यात काय नाय. चोरीचा नसताना चोरीचा म्हणून कशाला मिरवता?"

हितेंद्र आत गेला आणि एक फाइल घेऊन आला. बिल होतं, वाहतुकीचा पास होता. वनरक्षकाने दोन्ही नीट वाचलं, फोटो काढले, कोकम सरबत घेतलं आणि निघताना भिवांना विचारलं, "काका, गाव खंयचा?" भिवांनी कणकवलीजवळच्या गावाचं नाव सांगितलं. त्याच्या मामाचं गाव शेजारचं निघालं, म्हणून आणखी दहा मिनिटं गेली.

मोटरसायकलचा आवाज घाटात विरला आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. हितेंद्र अंगणाच्या मधोमध उभा होता.

"पहिल्या वर्षी मी खरंच सांगत होतो," तो शेवटी म्हणाला. "लाकूड मुंबईतून आणलंय म्हणून. लोकांचे चेहरे पडायचे. एकदा सहज म्हणालो, पडलेल्या झाडांचं आहे. सगळे इतके खूश झाले. मग ते तसंच राहिलं. सॉरी."

"बाकीचं?" एकाने विचारलं. "सोलर?"

"सोलर खरं आहे. खतखड्डा खरा आहे. भाज्या खऱ्या आहेत, फक्त कांदे बाजारचे."

कांद्यांचं कोणी विचारलंही नव्हतं. तो आपण होऊन सांगतोय म्हटल्यावर एकदोघं हसली, आणि वातावरण थोडं सैल झालं. पण राजलक्ष्मीबाई हसल्या नाहीत. त्या भिवांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घाडी, तुम्ही लाकडाच्या वखारीत होतात?"

"हो. अडतीस वर्षं."

"आणि लग्नापासून सात वर्षं आम्हाला सांगितलं नाहीत."

भिवांनी अपेक्षाकडे पाहिलं नाही. मुलीला पुढे करणं त्यांना जमलं नसतं. "विषयच निघाला नाय," ते म्हणाले.

"आई, मीच म्हणाले होते," अपेक्षा पुढे येऊन म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही."

राजलक्ष्मीबाई वळल्या आणि आपल्या झोपडीत गेल्या. जेवण सुरू झालं तरी आल्या नाहीत. आपण एकाला सोडवलं आणि मुलीला अडकवलं, असं भिवांना वाटत होतं.

ताक वाढायची वेळ झाली तेव्हा राजलक्ष्मीबाई बाहेर आल्या. हातात एक नक्षीची छोटी पेटी होती. तिच्यात त्यांच्या गोळ्या असत आणि ती त्या कुठेही बरोबर नेत. त्यांनी पेटी भिवांच्या पानाशेजारी ठेवली.

"ही म्हैसूरची. चंदनाची आहे. वास घेऊन सांगा."

भिवांनी ताकाचा हात पुसला, पेटी उघडली, आत नाक घातलं. मग मिटून परत दिली.

"खरं सांगू, की विहीणबाई म्हणून सांगू?"

राजलक्ष्मीबाईंचे ओठ आवळले होते ते हलले. "खरं सांगा."

"बाभूळ. आतून अत्तराचा बोळा फिरवलाय."

त्या पेटीकडे बघून इतक्या मोठ्याने हसल्या की झाडावरचे कसलेसे पक्षी उडाले. वहीवाल्यांना त्यांचं नाव लिहून घेता आलं नाही. "बावीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मी ही सगळ्यांच्या नाकाला लावतेय. एकालाही कळलं नाही!" मग अपेक्षाच्या शेजारी पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आणि तू गं, मला काय समजतेस? वखार म्हटल्यावर मी काय यांना दारातून परत पाठवणार होते?" अपेक्षाने 'नाही' म्हटलं. ते पुरेसं ठाम नव्हतं, हे दोघींनाही कळलं, पण राजलक्ष्मीबाईंनी ताक मागितलं आणि विषय तिथे थांबला.

संध्याकाळपर्यंत भिवांपुढे एक दुकानच लागलं. कोणी काठी आणली, कोणी जपमाळ, कोणी लाकडी कंगवा. भिवा प्रत्येक वस्तू नाकाला लावून जात सांगत होते. चौघांचा हिरमोड झाला, दोघांना अनपेक्षित आनंद झाला, आणि एकाची काठी लाकडाचीच नव्हती. राजलक्ष्मीबाईंनी पुन्हा खडक गाठला आणि दुसरा व्हिडिओ टाकला. पहिला त्यांनी काढून टाकला नाही. चूक झाली ती दिसली पाहिजे, असं त्यांचं शाळेपासूनचं मत होतं.

सगळे मुंबईला परतल्यावर हितेंद्रने मूळखोडच्या वेबसाइटवरचा मजकूर बदलला. 'जंगलाने दिलेलं घर' गेलं आणि तिथे लाकूड कुठलं, कुठून घेतलं, ते दोन ओळींत आलं. डिसेंबरात काही लोकांनी बुकिंग रद्द केलं. काहींनी मुद्दाम नवं बुकिंग केलं, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी बाजेखाली जाऊन यायची इच्छा व्यक्त केली, असं तो फोनवर भिवांना सांगत होता. मग अडखळत म्हणाला, "काका, सहावी झोपडी बांधायचीय. लाकूड कुठलं घेऊ?"

भिवांच्या ओठांवर शेठचं नाव आलं होतं. अडतीस वर्षांची सवय. पण त्यांनी ते गिळलं. "वैशालीच्या वाडीत माणगा बांबू आहे ना? तिने दाखवलं होतं एक बेट. तिलाच विचारा. तिला कोणी विचारत नाय."

फेब्रुवारीत बांबू निवडायला भिवा पुन्हा गेले, एकटेच, एसटीने. हितेंद्रला वाटलं होतं की ते माप घेतील, आकडे टाकतील. पण उभ्या बांबूपुढे भिवांची सगळी विद्या थांबली. तोडायचा तो तीन वर्षांचा हवा, त्याहून कोवळा चालत नाही, आणि तीन वर्षांचा कुठला हे वासाने कळत नव्हतं.

"अंगावर पांढरी पूड असली तर कोवळो," वैशाली सांगत होती. "पूड गेली, अंगावर डाग इले, टिचकी मारल्यार घट्ट वाजलो, की झालो."

भिवांनी एका बांबूवर टिचकी मारली. "हा?"

"ह्यो औंदाचो."

त्यांनी दुसऱ्यावर मारली, कान लावून ऐकलं. "हा तरी?"

"दोन वर्सांचो. सोडा त्येका."

तिसऱ्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले. हात फिरवला, डाग बघितले, दोनदा वाजवून पाहिला, आणि परीक्षेला बसल्यासारखे वैशालीकडे वळले. तिनेही टिचकी मारली, मान तिरकी करून ऐकलं आणि कमरेचा कोयता काढला.

"बरा जमला, काका," ती म्हणाली. "आता जरा बाजूक व्हा."